रात्रीची लाईन

चि. मयुरी हिस,
अनेक आशीर्वाद.

तू फोन कापला त्याला आज तीन दिवस झाले. आई म्हणते लिहून टाका, बोलायला गेले की तुमचा आवाज चढतो. म्हणून लिहून राहिलो.

"सिनेमावरच्या निबंधात एवढं काय आहे, लिहून टाक अन् झोप" असं मी म्हणालो. तसं म्हणायला नको होतं. पण त्याच्या आदल्या रात्री अडीच वाजता मोटर लावून परत येत होतो, टॉर्चसाठी मोबाईल काढला, तर तू ऑनलाइन. त्याच्या आधी मंगळवारी सव्वातीनला. पाळत ठेवून नाही राहिलो. या आठवड्यात शेतातल्या मोटरीला विजेची रात्रीची लाईन आहे, म्हणून दिसलं.

तू म्हणाली, "बाबा, तुम्ही वाघाच्या रस्त्यानं धानाच्या बांधीत जाता अन् मला झोपायला सांगता." तुझं खरं आहे. पण मी एकटा जात नाही. मोठे बाबा सोबत असतात, दोघंही मोठमोठ्यानं बोलत जातो. ते जाऊ दे.

निबंध वाचला. मोबाईलवर डोळे दुखतात म्हणून ब्रह्मपुरीला गेलो तेव्हा छापून आणला, अकरा पानं. झेरॉक्सवाल्या पोरानं विचारलं, काका, कोणाचा आहे? म्हटलं पोरीचा, पुण्याला सिनेमाचं शिकते. त्यानं पहिलं पान उभ्या उभ्या वाचलं. मीही त्याला वाचू दिलं, मागे दोन माणसं खोळंबली होती तरी.

आता तुझ्या सरांचा शेरा. "कथा सांगू नका, विश्लेषण करा." तू रडत वाचून दाखवला तेव्हा मला सरांचाच राग आला होता. पण मयुरी, पहिली सहा पानं कथाच आहे गं. 'फँड्री' आपण दिवाळीत शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून पाहिला. जब्या कोण, शालू कोण, काळ्या चिमणीच्या मागं तो कायले लागला, हे मला माहीत आहे, सरांना तर असेलच. मला वाटते चूक लिहिण्यात नाही, त्याच्या आधीची आहे. तू एकेका दृश्याची चिठ्ठी केली, मिनिट लिहून भिंतीला लावली. चांगलं केलं. पण चिठ्ठ्या सिनेमाच्या क्रमानं लावल्या, म्हणून निबंधही सिनेमाच्या मागं मागं चालला. त्या काढ अन् गादीवर पसर. कोण पळते अन् कोण बसून हसते, एवढंच पाहून ढीग कर. नववं पान तेच तर सांगते! शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट पाहणाऱ्यावर येतो, मग पडदा काळा. तेव्हा मी मान बाजूला घेतली होती, आठवते? तू अन् आई हसल्या होत्या. इतका वेळ गावातले लोक डुकरामागं धावणारं घर पाहून हसत होते, अन् दगड मात्र मला चुकवावा लागला. हे तू नवव्या पानावर दोन ओळींत उरकलं, अन् चिमणीला दीड पान दिलं.

आणखी एक. "भिंतीवर महापुरुषांची चित्रे" असं लिहू नको. नावं लिही. डुक्कर खांद्यावर घेऊन ते घर चाललं अन् मागं भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई. नाव घेतल्याशिवाय ते टोचत नाही. राष्ट्रगीताच्या वेळी सगळे जागच्या जागी थिजतात ते तू झकास लिहिलं. त्याला हात लावू नको.

आपल्या नागभीडकडच्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तुला शंभरदा सांगितले. 1983 साली बांधीत धान पाहता पाहता तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, त्या बाजूला ठेवल्या, वर्षानुवर्षं पेरून पाहिल्या, तेव्हा कुठं एचएमटी धान निघालं. पाहणं म्हणजे... बघ, पुन्हा भाषण सुरू झालं. माफ कर. मी काही सिनेमा शिकलो नाही.

नाटक मात्र केलं. नाटक मंडळासाठी मी लिहिलं होतं ते, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या रात्रीचं. तू चार वर्षांची, विंगेत सतरंजीवर माझी शाल पांघरून झोपलेली. मी प्रॉम्प्टिंगला. पाचवा प्रवेश माझा फार जीव की प्राण होता, त्यात बापाचं लांबलचक भाषण. तीन वाजता पब्लिक पेंगायला लागली, मागच्या बायका उठून जाऊ लागल्या. नानानं विंगेतून मला खुणावलं, काप. मी नाही म्हटलं. त्यानं माझ्या हातातल्या वहीची चार पानं दुमडली अन् पुढचं वाक्य स्वतःच बोलला. महिनाभर मी त्याच्याशी बोललो नाही. पुढच्या वर्षी वडसाकडच्या एका गावात तेच नाटक भाषणाशिवाय केलं, पहाटे पाचपर्यंत माणूस हलला नाही. तुझं चिमणीचं दीड पान वाचताना मला ती दुमडलेली पानं आठवली.

नानाचं तुला सगळं माहीत नाही. त्याचंही जागरणापासूनच सुरू झालं होतं. आधी नाटकापायी जागायचा, मग नुसताच जागायचा. आई म्हणते हे लिहू नका. लिहून झालं.

तू त्याच्यासारखी नाही, हे मला कळते. तू हुशार आहेस, तुझ्या मोठ्या आईलाही मी परवा तेच सांगितलं. पण चार वेळा लिहिलेला निबंध पाचव्यांदा लिहायचाच असेल तर दिवसा लिही. शुक्रवारी द्यायचा आहे न? मग बुधवारी बंद कर, गुरुवारी एकदाच मोठ्यानं वाच. जिथं जीभ अडखळेल तिथं खूण कर. तेवढंच दुरुस्त कर अन् झोप. नंबर कितीही येवो. म्हणजे चांगला आला तर सांग, मला झेरॉक्सवाल्याला सांगायचं आहे.

ब्रह्मपुरीचा पोरगा सोमवारी पुण्याला येऊन राहिला. त्याच्याजवळ पाच किलो तांदूळ देतो. तुम्ही पोरी कुकरमध्ये पाणी जास्त टाकता, या तांदळाला कमी टाक.

बारा वाजायला आले, लाईन येईल आता. मोठे बाबा दारात येऊन खोकलून राहिले. येताना मोबाईल नाही काढणार, मोठ्या बाबांची बॅटरी आहे.

तुझा,
बाबा

ता. क. नवव्या पानावरच्या दगडाच्या ओळीला आईनं खडूनं खूण केली आहे, शिलाईच्या. तेवढं पान तांदळाच्या पिशवीत घातलं आहे.