एकच पाणी असेल तर एकविसावा दिवस गाठू नका

संपादक महोदय,

रब्बी आली की ‘गव्हाला पहिले पाणी पेरणीनंतर एकविसाव्या दिवशी’ हा सल्ला शेतीच्या पानांवर हमखास येतो. पाच-सहा पाण्यांच्या बागायती गव्हाला तो बरोबरच आहे. पण शिरोळ-हातकणंगलेच्या काळ्या रानात सोयाबीन काढून जमिनीत उरलेल्या ओलीवर पेरलेल्या गव्हाला एकच पाणी मिळणार असेल, तर ते तेव्हाच देऊन टाकणे तोट्याचे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारसही एका पाण्यासाठी ४० ते ४२ दिवसांची आहे. दोन असतील तर २०-२२ आणि ६०-६५.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरलेल्या भारी रानात तिसऱ्या आठवड्यात ओल शिल्लक असते. पिकाला खरी ओढ कांडी धरताना, म्हणजे ताटात गाठी येऊन ते उंच वाढू लागताना बसते, आणि ओंबी केवढी होणार हेही त्याच सुमारास ठरते. अपवाद एकच. मुकुटमुळे, म्हणजे ताटाच्या बुडातून नंतर फुटणारी कायमची मुळे, जमिनीखाली दोन-तीन सेंटिमीटरवर फुटतात. तेवढा थर वाळला, तर खाली ओल असूनही ती पुढे सरकत नाहीत आणि फुटवे कमी पडतात. म्हणून विसाव्या दिवशी खुरप्याने दोन बोटे माती उकरून मुठीत दाबावी. गोळा झाला तर थांबा. भुगा झाला तर तेव्हाच पाणी द्या.

चाळीस दिवसही डोळे झाकून मोजू नयेत. आपल्याकडची थंडी तोकडी, गहू लवकर कांडीवर येतो. मुख्य ताट उभे चिरावे. जमिनीपासून बोटभर वर पहिली गाठ दिसली की पाणी सोडावे.

पाणी ५ सेंटिमीटर, म्हणजे एकरी सुमारे २ लाख लिटर. भेगाळलेल्या रानात पाटाने दिले तर निम्मे भेगांतच जिरते, वरच्या वाफ्यात तुंबून गहू पिवळा पडतो आणि शेवटचा वाफा कोरडाच राहतो. त्यापेक्षा तुषार (स्प्रिंकलर) संच लावावा, तोट्या १२ बाय १२ मीटर अंतरावर. एका तोटीच्या दोन्ही तोंडांना रबरी नळ्या जोडून १५ लिटरची बादली भरून पाहावी. ३० सेकंदांत भरली तर चार तास, ४५ सेकंद लागले तर सहा तास संच चालवावा. बहुतेक जण ही बादली लावतच नाहीत, अंदाजाने दोन तासांत संच हलवतात. वारा असताना तर चालवूच नये.

शेततळ्याचा हिशेबही पेरणीआधी करावा. २० बाय २० बाय ३ मीटरच्या, १:१ उताराच्या तळ्यात सुमारे ८७६ घनमीटर पाणी मावते. तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला नसेल तर डिसेंबरपर्यंत निम्मेच उरेल असे धरावे, म्हणजे ते दोन एकरांना पुरते. त्यावर चार एकर पेरून सगळ्यांना अर्धे-अर्धे पाणी दिले, तर वरचा थरच भिजतो, मुळांना काही पोचत नाही. उरलेल्या दोन एकरांत हरभरा घ्यावा. मुरमाड माळावर तर ओलीवरचा गहू मुळात पेरूच नये.

– एक वाचक, हातकणंगले (जि. कोल्हापूर)