जुन्या एमजीला ‘ई-२०’ पचणार कसं?

संपादक महोदय,

विंटेज गाड्यांच्या रॅलीचे फोटो हौसेने छापले जातात. त्या गाड्यांच्या टाकीत हल्ली काय ओतावं लागतं, यावर मात्र कोणी लिहीत नाही. पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणजे ‘ई-२०’, आणि इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून निघालेल्या एमजीए, एमजीबी या जुन्या स्पोर्ट्स गाड्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत. (आज शोरूममध्ये दिसणाऱ्या एमजीशी त्यांचं नातं नावापुरतं. अ‍ॅबिंग्डनला १९८० मध्येच टाळं लागलं.)

ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये नेहमीचं पेट्रोल १० टक्के इथेनॉलचं केलं, पण जुन्या गाड्यांची सोय म्हणून सुपर पेट्रोलमध्ये ५ टक्क्यांची मर्यादा कायम ठेवली. त्याच वर्षी जुलैत आपल्या केंद्र सरकारने पन्नाशी उलटलेल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी विंटेज नोंदणी आणली. नंबरप्लेटचा विचार झाला, पेट्रोलचा राहून गेला.

सगळ्यात मोठा धोका आगीचा आहे. एमजीबीच्या १७९८ सीसी इंजिनात दोन्ही एसयू कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारे भाग) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (तापलेला धूर बाहेर नेणारे नळ) एकाच बाजूला, डावीकडे आहेत. मध्ये फक्त उष्णता अडवणारा पत्रा, हीट शील्ड. इथेनॉलने जुना रबरी पाइप आधी फुगतो, मऊ पडतो, मग वाळल्यावर त्याला भेगा जातात. फ्लोट बाऊलपाशी, म्हणजे कार्बोरेटरला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या वाटीपाशी, सुरू झालेली गळती तापलेल्या एक्झॉस्टवर पडायला वेळ लागत नाही. म्हणून पाइप वरून धड दिसत असला तरी बदलावा, आणि घेताना त्यावर ‘एसएई जे-३० आर-९’ हा दर्जा छापलेला आहे ना, हे पाहावं. साधा काळा पेट्रोल पाइप चालणार नाही. फ्लोटची सुई व्हिटॉनच्या (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या) टोकाची घ्यावी. बाऊलमधून जेटकडे (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाकडे) जाणाऱ्या बारीक नायलॉन नळीच्या तोंडाशी गळती अडवणारी रबरी ग्लँड असते. ती सगळे विसरतात आणि नेमकी तीच ओली दिसते.

दुसरा त्रास हवा-पेट्रोलच्या मिक्स्चरचा. साध्या पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. जेट पूर्वीच्याच जागी राहिला तर मिक्स्चर लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, गाडी मिसिंग मारते आणि तापते. एचएस-४ या प्रकारच्या एसयू कार्बोरेटरच्या जेटखालचा षटकोनी नट दोन्हीकडे एकेक पैलू, म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग, खाली उतरवावा. मग इंजिन गरम असताना बाजूची पिन हलकेच दाबून कार्बोरेटरमधला पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलावा. आवाज क्षणभर चढून पूर्ववत झाला तर जमलं. चढून तसाच राहिला तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, इंजिन बसू लागलं तर अजून लीन. हे करण्याआधी डॅशपॉटमधलं (पिस्टनवरच्या नळकांड्यातलं) तेल आणि दोन्ही कार्बोरेटरची हवा सारखी आहे का, ते बघावं. नाहीतर नट फिरवत बसण्यात दिवस जातो. अँबेसेडरचं १४८९ सीसी इंजिन याच ‘बी सिरीज’ घराण्यातलं, एमजीएचं सख्खं भावंड. त्यामुळे अँबेसेडरवर हात बसलेल्या मिस्त्रींना हे इंजिन परकं नाही.

व्हॉल्व्ह सीटच्या (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेच्या) झिजेचा दोष मात्र इथेनॉलच्या माथी मारू नये. ती झीज पेट्रोलमधलं शिसं गेल्यामुळे होते, आणि ते २००० सालीच गेलं. त्यावर कडक सीट बसवणं हाच इलाज.

गाडी उभी राहिली की तिसरं दुखणं सुरू होतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पाणी वाढलं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पंप नेमका तिथूनच खेचतो. पावसाळाभर गाडी झाकून ठेवायची असेल तर इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत टाकी रिकामी करावी. नंतर पंपाची वायर काढून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून फ्लोट बाऊल कोरडे करावेत.

महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे बिनइथेनॉलचं, असं गृहीत धरू नये. १०० मिलीच्या खुणांच्या काचेच्या नळीत १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल घालून हलवावं आणि दहा मिनिटं ठेवावं. खालचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. ई-२० असेल तर तो २८ च्या जवळ चढलेला दिसतो.

तेल कंपन्यांनी मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांत निदान एकेका पंपावर ५ टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलचं पेट्रोल ठेवावं. दर जास्त लावला तरी हरकत नाही. या गाड्या महिन्याला फार तर एखादी टाकी पितात, आणि जुन्या जावा, लँब्रेटावालेही त्याच रांगेत येऊन उभे राहतील.

— एक वाचक, पुणे