वीर्य तपासणीआधी तापाची तारीख विचारा

महोदय,

करोना होऊन गेलेल्या पुरुषांच्या प्रजननक्षमतेविषयी अजूनही दबक्या आवाजातच बोलले जाते, म्हणून पॅथॉलॉजी लॅबमध्ये वीस वर्षे काढलेला तंत्रज्ञ या नात्याने हे पत्र लिहीत आहे.

पाटण्याच्या एम्समध्ये ऑक्टोबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात ३० करोनाबाधित पुरुषांची वीर्य तपासणी झाली. एकाच्याही वीर्यात विषाणू सापडला नाही, मात्र १२ जणांच्या शुक्राणूंची संख्या कमी भरली. ७४ दिवसांनी पुन्हा नमुने घेतले तेव्हा असे तिघेच उरले होते. ३० हा आकडा लहान आहे, हे मान्य. पण ७४ दिवसांचे अंतर उगाच ठेवलेले नव्हते. शुक्राणू तयार व्हायला साधारण तेवढाच काळ लागतो, आणि या कामाला शरीराहून दोन-चार अंश कमी तापमान लागते म्हणूनच वृषणे शरीराबाहेर असतात. ताप चार दिवस अंगात राहिला की घडत असलेल्या शुक्राणूंना फटका बसतो आणि तो रिपोर्टात उमटेपर्यंत माणूस ताप विसरलेला असतो. कोणत्याही मोठ्या तापानंतर हे होऊ शकते; करोनाचा विषाणू पेशींवरच्या ज्या एसीई-२ नावाच्या ग्राहींना (पेशीत शिरण्यासाठी पकड देणाऱ्या प्रथिनांना) चिकटतो ते वृषणांतही असल्याने थेट इजेची शक्यताही अभ्यासक मांडतात.

आमच्याकडे आलेल्या एका तरुणाचा काउंट मिलिलिटरला ९० लाख निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने धरलेली खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. त्याने खिडकीपाशी उभ्यानेच रिपोर्ट वाचला, घडी घालून खिशात टाकला आणि विचारले, "लसीमुळेच ना?" पाच आठवड्यांपूर्वी करोना होऊन गेल्याचे मी विचारले तेव्हा कळले. अमेरिका-कॅनडातील दोन हजारांहून अधिक जोडप्यांच्या अभ्यासात लसीमुळे गर्भधारणेची शक्यता घटलेली दिसली नाही; पुरुषाला संसर्ग झाल्यानंतरच्या ६० दिवसांत मात्र ती काही काळ घटलेली दिसली. तिथल्या बहुतेक लशी आपल्या कोविशिल्डहून वेगळ्या होत्या, एवढे ध्यानात ठेवावे.

अशा वेळी महागडी औषधे सुरू करण्याआधी तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी, एवढे डॉक्टरांनी आवर्जून सांगितले पाहिजे. आमच्या फॉर्मवर नाव, वय आणि संबंधांपासून किती दिवस दूर राहिलात एवढेच रकाने आहेत. 'गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का, कधी?' हा रकाना मी हल्ली पेनाने आखतो. तो सगळीकडे छापील असावा.

आपला,
एक लॅब तंत्रज्ञ, सातारा