‘घरबसल्या एलएलएम’ची फी भरण्याआधी

महोदय,

निकाल लागले की कोकणातल्या वकिलांच्या आणि नव्या विधी पदवीधरांच्या मोबाइलवर ‘नोकरी-वकिली सांभाळून एलएलएम’च्या, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीच्या, जाहिराती येऊ लागतात. मंडणगड, राजापूर किंवा दोडामार्गच्या कोर्टात उभे राहणाऱ्याला रोजचा वर्ग गाठणे अशक्य असते, त्यामुळे मोह होणे साहजिकच आहे. पण यातल्या बऱ्याच अभ्यासक्रमांतून जे हाती पडते ते भारतात एलएलएम म्हणून चालत नाही. हे फी भरल्यानंतर कळून उपयोग नाही, म्हणून हे पत्र.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या दूरशिक्षण व ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या नियमांनी जे विषय या पद्धतीने शिकवायला मनाई केली आहे, त्यांत वैद्यक, अभियांत्रिकी यांच्याबरोबर कायदाही आहे. वकिली आणि कायद्याचे शिक्षण यांचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2025 च्या मध्यावर पुन्हा बजावले की ‘एक्झिक्युटिव्ह’, ‘प्रोफेशनल’ अशी विशेषणे लावून मान्यतेविना ऑनलाइन किंवा संमिश्र पद्धतीने दिलेली एलएलएम नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा), पीएचडी, अध्यापन वा न्यायिक सेवेसाठी धरली जाणार नाही. संस्था नामांकित असली तरी त्याने फरक पडत नाही. एलएलबी नसलेल्यांनाही प्रवेश देणारा अभ्यासक्रम दिसला, तर तो भारतीय अर्थाने एलएलएम नाही, हे तिथेच ओळखावे. प्रवेशापूर्वी संस्थेकडून दोन गोष्टी लेखी मागाव्यात: या अभ्यासक्रमाला बार कौन्सिलची मान्यता आहे का, आणि गुणपत्रिकेवर व पदवीवर अध्ययनाची पद्धत काय लिहिली जाते. फोनवर ‘हो सर, सगळं मान्य आहे’ म्हणणारा प्रतिनिधी हे लिहून देत नसेल, तर तिथेच थांबावे.

परदेशी दूरस्थ पदव्यांचे गणित वेगळे आहे. लंडन विद्यापीठाची दूरस्थ एलएलएम खरोखर लवचीक आहे. सोळा मॉड्यूल, एक ते पाच वर्षांची मुदत, मे आणि ऑक्टोबर अशी परीक्षेची दोन सत्रे, आणि घेतले तेवढ्याच मॉड्यूलचे पैसे. जहाज कंपनीच्या कायदा विभागात किंवा आंतरराष्ट्रीय लवादाच्या कामात असलेल्याला ती उपयोगी पडेल. मात्र तिच्या बळावर रत्नागिरीत वा कुडाळात विधी महाविद्यालयात लागायचे असेल, तर समकक्षतेचा प्रश्न बार कौन्सिलपुढे जातो, आणि दूरस्थ पदवीला ती मिळेलच असे धरून चालू नये.

पदवी कशासाठी हवी, हे म्हणूनच आधी ठरवावे. शिकवायचे असेल तर नियमित एलएलएमला पर्याय नाही. शिवाय खुल्या प्रवर्गात किमान 55 टक्के आणि नेट किंवा सेट (राज्याची तशीच परीक्षा) लागते. न्यायाधीश व्हायचे असेल तर एलएलएमची अटच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 20 मे 2025 च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक ठरवली आहे, तेव्हा आधी सनद (वकिलीचा परवाना) आणि कोर्टातला अनुभव पाहावा. फक्त सायबर कायदा शिकायचा असेल तर इग्नूचे प्रमाणपत्र पुरे, बौद्धिक संपदा शिकायची असेल तर पदविका, आणि ती त्याच नावाने दिली जातात, ही त्यातली प्रामाणिक गोष्ट.

नियमित एलएलएम वकिली सोडून करावी लागते, हा समज मात्र चुकीचा आहे. सनद स्थगित न करता वकिलाला नियमित विद्यार्थी म्हणून एलएलएम करता येते, असा ठराव बार कौन्सिलने 2009 मध्येच केला आहे. अडचण सनदेची नाही, बोर्डाची, म्हणजे कोर्टातल्या रोजच्या कामांच्या यादीची, आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 17 प्रमाणे सुनावणीच्या काळात एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी मिळू नयेत, आणि वकील दुसऱ्या कोर्टात गुंतला आहे हेसुद्धा तहकुबीचे कारण होत नाही. वर्गात होतो हे तर नाहीच नाही. म्हणून प्रवेश घेतल्याबरोबर चालू दाव्यांत सहकाऱ्याचे संयुक्त वकीलपत्र दाखल करावे, आणि ज्या दाव्यांत कैफियतीची (प्रतिवादीच्या लेखी उत्तराची) तीस दिवसांची मुदत चालू आहे ते आधी हातावेगळे करावेत. हे न केल्याने पहिल्या सत्रातच उपस्थिती आणि पक्षकार दोन्ही गमावणारे वकील असतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते, गाड्यांचा वेग कमी होतो आणि आंबा, फोंडा, गगनबावडा या घाटांचा भरवसा नसतो. 75 टक्के उपस्थितीची अट असेल तर सुट्टीचे दिवस जून ते सप्टेंबरसाठी राखून ठेवावेत.

एक वर्ष की दोन? एक वर्षाची एलएलएम 24 श्रेयांकांची (क्रेडिटची): तीन अनिवार्य विषय, सहा ऐच्छिक आणि प्रबंध. आठवड्याला वर्ग, ग्रंथालय, चर्चासत्रे मिळून तीस तास अपेक्षित आहेत. चालत्या वकिलीबरोबर हे जमत नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत क्लॅट या प्रवेश परीक्षेतून जाणाऱ्या, पूर्ण वर्ष मोकळे ठेवणाऱ्याने ती घ्यावी. वकिली चालू ठेवायची असेल तर चार सत्रांची दोन वर्षांची बरी.

सगळ्यांत जास्त लोक अडकतात ते प्रबंधात, आणि विषयाच्या रुंदीमुळे. ‘किनारी नियमन क्षेत्र: एक अभ्यास’ असा विषय घेऊ नये. या क्षेत्राच्या 2019 च्या अधिसूचनेत लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त असलेल्या ग्रामीण किनाऱ्यावर ना-विकास पट्टा 50 मीटरचा आहे, बाकी ठिकाणी 200 मीटरचा. या एका फरकाचा मालवण तालुक्यातल्या घरदुरुस्तीच्या परवानग्यांवर काय परिणाम झाला, हा प्रबंध होतो. 1949 च्या खोती निर्मूलन कायद्यानंतरच्या कूळनोंदींचे वाद, हापूसच्या 2018 च्या भौगोलिक मानांकनाचा गैरवापर, 1981 च्या सागरी मासेमारी कायद्याखालचे दंड, असे विषय आपल्या दारात पडले आहेत.

त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागतो, आणि त्याचे दिवस मोजावेत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत हवा, दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह. उत्तराला 30 दिवस, पहिल्या अपिलाच्या निकालाला 45 दिवसांपर्यंत. म्हणजे किमान 75 दिवस, आणि सत्र बारा आठवड्यांचे असेल तर ते 84 दिवसांचे. शेवटच्या सत्रात अर्ज टाकणाऱ्याला माहिती मिळाल्यावर प्रबंध लिहायला वेळच उरत नाही. अर्ज पहिल्या महिन्यातच टाकावा आणि तालुक्याऐवजी चार-पाच गावांपुरता ठेवावा. निवाड्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचे ई-एससीआर हे ऑनलाइन निकालसंग्रह मोफत आहे. पळवाट म्हणून जुने प्रबंध उतरवू नयेत. अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार दहा टक्क्यांवरचे साम्य कारवाईस पात्र ठरते.

आता मागणी. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झाले आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गची हायकोर्टातली कामे घाटावर गेली. त्यामुळे तालुक्याच्या वकिलाला जास्त अभ्यासाची गरज आहे. मुंबई विद्यापीठाने रत्नागिरी उपकेंद्रात बार कौन्सिलची रीतसर मान्यता घेऊन शनिवार-रविवारी प्रत्यक्ष वर्ग भरणारी दोन वर्षांची एलएलएम चालवावी. विषय गटांत किनारी व जमीन कायदा असावा. अनुदान आयोग एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून घ्यायची मुभा देतो, ती कायद्यात कुठवर लागू करता येईल हे विद्यापीठाने बार कौन्सिलकडून लेखी स्पष्ट करून घ्यावे. आणि नोंदणी झालेल्या प्रत्येकाला सशुल्क निवाडा-संग्रहांचे घरून वापरता येईल असे खाते द्यावे. दोडामार्गहून ग्रंथालयासाठी मुंबईला दर आठवड्याला कोणी येऊ शकत नाही.

– एक विधी अध्यापक, कणकवली