निदानाआधीची अडीच वर्षं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या मुलीला पाणी हवं असलं की ती समोर येऊन म्हणायची, "पाणी हवंय का?" आम्हाला गंमत वाटायची. आमचाच प्रश्न ती आम्हाला परत करतेय आणि तेच तिचं मागणं आहे, हे ध्यानातच आलं नाही. हाक मारली तर वळून बघायची नाही, पण पलीकडच्या खोलीत टीव्हीवर आवडती जाहिरात लागली की धावत सुटायची. कान तपासले, ठणठणीत निघाले. "मुलगी आहे, लाजाळू असेल," असं घरचे म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "थांबून बघू." शंका आली तेव्हा ती दीड वर्षाची होती. स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं, निदान झालं तेव्हा चार वर्षांची.

स्वमग्नता रक्ततपासणीत किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. मुलाचं वागणं बघून आणि पालकांशी बोलूनच ती ओळखावी लागते, त्यामुळे वेळ लागतो, हे मान्य. पण १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी 'एम-चॅट' नावाची २० प्रश्नांची प्रश्नावली आहे. बोटाने काही दाखवतं का, नावाला प्रतिसाद देतं का, असे साधे प्रश्न, उत्तरं पालकांनीच द्यायची. त्यातून निदान होत नाही, पण पुढे तपासायला हवं का, ते कळतं. लसीकरणाच्या एवढ्या फेऱ्या झाल्या, ती कुणी आमच्या हातात ठेवली नाही.

"गरोदरपणी मोबाइल फार वापरलास का गं?" हे मात्र विचारून झालं. आईच्या कोरडेपणामुळे मूल असं होतं, असं १९५०-६०च्या दशकांत डॉक्टरही मानायचे. तो समज कधीच खोटा ठरला, नातेवाइकांपर्यंत बातमी पोचायची आहे.

निदानाच्या दिवशी अहवाल मिळाला, थेरपींची नावं मिळाली. उद्या सकाळी घरी काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही. ते पुढे वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं: तिला प्रश्न विचारू नका, तिच्या तोंडी शोभेल ते वाक्य तुम्ही म्हणा. ग्लास दाखवून आम्ही "पाणी दे" म्हणू लागलो. काही आठवड्यांनी ती म्हणाली, "पाणी दे."

एवढं सांगायला निदानाचा कागद लागत नव्हता. बोलणं मागे पडतंय हे दीड वर्षाची असतानाच दिसत होतं, वाचा-उपचार तेव्हाच सुरू करता आले असते. "थांबून बघू" म्हणणाऱ्या डॉक्टरांनी निदानासाठी खुशाल थांबावं, पण पालकांना तोवर रिकाम्या हाताने घरी पाठवू नये.

आपली,
एक आई