यादी छाटणीआधी द्या : केंद्रीय वाणिज्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
नवी दिल्ली

महोदय, स. न. वि. वि.

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. निर्यातीला लागणाऱ्या कागदांची आणि औषधांच्या मर्यादांची यादी छाटणीआधी मिळावी, म्हणून लिहितोय. आमचा माल नेदरलँड्सच्या बंदरात उतरला की तिथले लोक आधी कागद बघतात, मग पेटी उघडतात. इनव्हॉईस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाजात माल चढवल्याची पावती, लाकडी पॅलेट ५६ अंशांवर अर्धा तास तापवल्याचा शिक्का, आणि फायटो, म्हणजे मालात रोगकीड नसल्याचा सरकारी दाखला. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपात जवळपास प्रत्येक ताज्या फळाला तो लागतो. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन तेवढे सुटले.

हे कागद एजंट करतो, त्याचे पैसे घेतो, ठीक आहे. रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचा रिपोर्ट मात्र माझ्या बागेत ठरतो आणि त्याची सुरुवात फळछाटणीपासून होते.

२०१० साल आठवा. शेंडावाढ रोखायला आम्ही सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड, मारायचो. युरोपात त्याच्या अंशाची मर्यादा तेव्हा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, आणि आपल्या तपासणीच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या ग्रेपनेट या सरकारी प्रणालीवर प्लॉटची नोंदणी होती, प्रयोगशाळेचा रिपोर्ट पास होता, फायटोही होता. तरी कंटेनर अडकले. एकही कागद खोटा नव्हता. जे तपासायचं तेच कुणी तपासलं नव्हतं. बागायतदारांची त्या वर्षीची घडी विस्कटली ती कितीतरी घरांत पुढे अनेक हंगाम बसली नाही.

सीसीसी नंतर यादीत आलं. पण मर्यादा बदलत राहतात, आणि बदलल्याचं आम्हाला कळतं ते व्हॉट्सॲपवर किंवा निर्यातदाराच्या फिल्डमनकडून, तेही अर्धवट. जानेवारीत कळून उपयोग काय? तोवर फवारण्या झालेल्या असतात. घडात गेलेलं औषध बाहेर काढायची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही.

म्हणून मागणी एवढीच, की कुठल्या देशाला कोणते कागद लागतात आणि कुठल्या औषधाची मर्यादा किती, याची मराठी यादी दरवर्षी १५ ऑगस्टच्या आत काढा. आगाप छाटणीवाले लवकर कात्री लावतात, म्हणून ऑगस्ट म्हणतो. ब्रिटन आता युरोपीय संघात नाही, त्याचा रकाना वेगळा ठेवा. आखाती देश आणि बांगलादेशही घ्या. आणि औषधाच्या घटकाशेजारी बाजारातली नावं छापा. दुकानदार ब्रँड सांगतो, रिपोर्टमध्ये घटक येतो, आणि मधल्या मधे शेतकरी फसतो.

आणखी एक. गेल्या हंगामात ओळखीच्या एका गटाचा कंटेनर तिकडे थांबला, कारण फायटोवरचा पेट्यांचा आकडा इनव्हॉईसशी जुळेना. खाडाखोड केलेला फायटो चालत नाही, नवाच घ्यावा लागतो, आणि मध्ये शनिवार-रविवार आले. तांबड्या समुद्रात २०२३ च्या अखेरीस हल्ले सुरू झाल्यापासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. द्राक्षाचं टिकण्याचं आयुष्य वाटेतच खर्च होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुरुस्तीचा फायटो सुट्टीच्या दिवशीही जिल्ह्यातच मिळेल, अशी सोय राज्याच्या कृषी खात्याशी बोलून करा.

यादीसाठी नवं पोर्टल नको, आहेत तेवढी पुरेत. बाजार समितीच्या आणि तालुका कृषी कार्यालयाच्या फलकावर कागद लावला, खाली तारीख आणि सही असली, की झालं.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. तासगाव, जि. सांगली