शेकाप म्हणजे नुसती आबासाहेबांची एसटी नव्हे

संपादक साहेब, नमस्कार.

३० जुलै, आबासाहेबांची म्हणजे गणपतराव देशमुखांची पुण्यतिथी, आली की पेपरात त्यांचा फोटो येतो अन् खाली तेच, ११ वेळा आमदार, एसटीने फिरणारा साधा माणूस. आम्ही मूळचे सांगोल्याचे, वाचून ऊर भरून येतो. पण साधेपणा सांगता सांगता त्यांचा शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकापच गायब होतो त्याचं काय? आबासाहेब लाल बावट्यावर निवडून यायचे, तो बावटा काय म्हणत होता हे कोणी लिहितच नाही.

परवा भाच्याला विचारलं, १९५२ ला सोलापूरचा खासदार कुठल्या पक्षाचा? म्हणाला काँग्रेसचा, अजून कुठला. अरे शंकरराव मोरे, शेकाप काढणाऱ्यांतले! तेव्हा सोलापूरला दोन जागा होत्या, राखीव जागेवर बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज आले, म्हणजे ऐन नेहरूंच्या काळात सोलापूरने काँग्रेसला दोन्हीकडे नाही म्हटलं, केवढी मोठी गोष्ट आहे ही.

केशवराव जेधे, मोरे ही सगळी काँग्रेसमधलीच माणसं, शेतकऱ्याचं तिथं कोण ऐकत नाही म्हणून १९४७ ला वेगळी चूल मांडली, १९५० ला नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीत मार्क्सवादाचा ठराव केला, आणि पुढं जेधे-मोरे दोघंही परत काँग्रेसमध्ये गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पक्ष जोरात होता, पण राज्य मिळालं अन् यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या, म्हणजे सगळ्यांना आपल्यात ओढायच्या राजकारणात एकेक जण काँग्रेसकडं सरकला. उद्धवराव पाटील, एन. डी. पाटील, रायगडात दत्ता पाटील आणि आमचे आबासाहेब, हे मात्र हलले नाहीत.

सांगोला का टिकला? मला विचाराल तर दुष्काळामुळं. रोजगार हमीचं काम, पाणी, सहकारी सूतगिरणी, माणसाला पक्ष रोजच्या जगण्यात दिसत होता. २०१९ ला ७६८ मतांनी गेलेली जागा २०२४ ला परत आली, पण चर्चा काय तर नातू जिंकला. पक्षाचं नाव कुठंतरी शेवटच्या ओळीत.

विनंती एवढीच, जुन्या कार्यकर्त्यांना गाठून एक लेखमाला करा. शिबिरांना गेलेली, मोर्चात चाललेली माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत, एकेक जण जातोय हो. आमच्या वडिलांच्या ट्रंकेत पक्षाची जुनी पत्रकं अन् वर्गणीच्या पावत्या आहेत, पाहिजे तर ऑफिसला आणून देतो.

आपला एक जुना वाचक, सोलापूर